वळिवडे ते जमालपूर

माझ्या आजीला पोलिश भाषेतले आकडे दहापर्यंत येत होते. येदेन, द्वा, त्शी... अंडी मोजताना ती हेच म्हणायची. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायची. पण पंचगंगेकाठच्या आमच्या आजोळी तिच्या वयाच्या आणखीही काही बायांना हे आकडे येत, कारण पोरवयात त्यांनी वळिवड्याच्या कॅम्पात अंडी, मेथी, वांगी विकली होती. 1943 साली आजी तेरा वर्षांची होती. डोक्यावर पाटी, काखेला धाकटा भाऊ आणि बांधाबांधाने कॅम्पाची वाट. त्या काखेतल्या भावाला आम्ही सगळे तात्या म्हणतो. तेच तात्या पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1971 च्या डिसेंबरात आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले.

या बहीणभावाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो. आजीची गोष्ट परसात, तात्यांची सोप्यावर. एकीत गोरी पोरं होती, दुसरीत रणगाडे आणि तोफा. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. एखादी राजवट आपल्याच हाताखालच्या माणसांना मारायला उठली, तर बाहेरची माणसं त्यांचं काही देणं लागतात का? आणि लागत असतील, तर ते कसं फेडायचं?

आजीच्या आठवणीत कॅम्पाची पहिली खूण म्हणजे केस. "बाया हुत्या, पर केस पोरांगत कापल्यालं," ती सांगायची. तोवर तिने पाहिलेले गोरे म्हणजे घोड्यावरचे नाहीतर मोटारीतले. या बाया पायी चालत होत्या, स्वतःचं पाणी स्वतः भरत होत्या आणि भाजी घेताना एकेक देठ निरखून पाहत होत्या. "उपाशी ऱ्हायल्यालं मानूस भाजी कशी बगतं, त्ये मला ठावं हुतं," आजी म्हणायची.

केस कापण्यामागे मोठा प्रवास होता. सप्टेंबर 1939 मध्ये हिटलरने पोलंडवर पश्चिमेकडून चाल केली आणि 17 तारखेला पूर्वेकडून स्टालिनची फौज शिरली. पूर्व पोलंडातल्या शेतकऱ्यांना, जंगलखात्यातल्या नोकरदारांना, शिक्षकांना, सैनिकांच्या बायकामुलांना फेब्रुवारी 1940 पासून मध्यरात्री घरातून उठवून मालगाडीच्या डब्यांत कोंबण्यात आलं. सायबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्क. लाखोंच्या संख्येने माणसं तिकडे गेली, लाकूडतोडीच्या छावण्यांत राबली आणि थंडीने, भुकेने, टायफसने मेली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज लागली, आणि लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी त्याने करार केला. या कैद्यांना "माफी" मिळाली. कुठल्या गुन्ह्याची, ते कोणी सांगितलं नाही. 1942 मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर सुमारे 1 लाख 15 हजार माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणातल्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत साधारण तिसरा हिस्सा नागरिकांचा होता, बहुतेक बाया आणि पोरं. किनाऱ्यावरच त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळले गेले, केस कापले गेले. पुरुष लढाईवर गेले. उरलेल्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न मग जगभर फिरू लागला.

कोणी थोडे घेतले, कोणी नाही म्हणाले. पूर्व आफ्रिकेत छावण्या उघडल्या, मेक्सिकोने काही घेतले, न्यूझीलंडने 733 मुलं नेली. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला जवळपास हजार मुलांची सोय केली आणि तुम्ही आता अनाथ नाही, असं त्यांना सांगितलं. भारतातली सगळ्यात मोठी वसाहत उभी राहिली कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. सुमारे पाच हजार माणसांची. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, स्काउटची पथकं. आजूबाजूच्या गावांतले दुकानदार पोलिश बोलायला शिकले, कॅम्पातली पोरं मराठी शिव्या शिकली. एखादी पोलिश मुलगी इथलीच सून होऊन राहिली.

या गोष्टीचा भाबडा अभिमान मी धरत नाही. कॅम्पाचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार उचलत होतं आणि ब्रिटिशांनी आपल्या युद्धाच्या गणितात बसवूनच ही परवानगी दिली होती. शिवाय 1943 हे साल नुसतं वळिवड्याचं नाही. त्याच वर्षी त्याच ब्रिटिश सरकारच्या राज्यात बंगाल उपाशी मरत होता. वीस ते तीस लाख माणसं गेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर पेजेसाठी हात पसरणाऱ्यांसाठी जहाजं वळवावीत, असं लंडनला वाटलं नाही. एका हाताने पाच हजारांना आसरा आणि दुसऱ्या हाताने लाखोंकडे पाठ, हे एकाच राजवटीचं एकाच वर्षातलं वागणं. म्हणून वळिवड्याची गोष्ट सांगताना बंगालची गाळून सांगायची नाही, असं मी ठरवून टाकलं आहे.

तरीही ज्या पोरांना छप्पर मिळालं त्यांना ते मिळालं, हे खरंच. आजीला राजकारण ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की एक बाई दर आठवड्याला दोन अंडी जास्तीची घ्यायची, आणि विचारलं तर बोटाने जमिनीजवळ उंची दाखवायची. एक पोर एवढं, एक एवढं. मग हात पालथा करायची. ती दोन्ही वाटेत गेलेली होती. अंडी ती शेजारणीच्या पोरांना द्यायची.

ज्या मुलखातून ही माणसं उचलली गेली, त्याच पूर्व सरहद्दीवर, व्होल्कोविस्कजवळच्या एका शेतघरात 1900 साली राफाएल लेमकिन जन्मला. ज्यू कुटुंबातला. ल्वूव्हच्या विद्यापीठात शिकत असताना त्याने वर्तमानपत्रात एका खटल्याची बातमी वाचली. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीला जबाबदार असलेल्या तलत पाशाला 1921 मध्ये बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने गोळी घातली होती आणि त्या तरुणावर खटला चालू होता. लेमकिनने प्राध्यापकांना विचारलं, एकाला मारणाऱ्यावर खटला होतो, मग लाखोंना मारणाऱ्याला कोणी का पकडलं नाही? प्राध्यापकांनी उत्तर दिलं ते कोंबड्यांचं. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर तो त्याचा मामला, तुम्ही मध्ये पडलात तर घुसखोर ठराल. लेमकिन म्हणाला, माणसं म्हणजे कोंबड्या नव्हेत.

पुढचं त्याचं आयुष्य या एका उत्तरापायी गेलं. नाझींच्या हातून त्याचे 49 नातेवाईक मेले, आईवडीलही. स्वतः तो स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचला. वंशसंहार हा गुन्हा ठरावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मजल्यामजल्यावर तो फाटक्या कोटात प्रतिनिधींना गाठत फिरला. 9 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला. नुसती शिक्षा देण्याचं नव्हे, तर संहार रोखण्याचं वचन त्यात सह्या करणाऱ्या देशांनी दिलं. 1959 मध्ये लेमकिन न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत वारला, आणि योगायोगाने त्याच वर्षी भारताने या कराराला अंतिम मान्यता दिली.

1948 मध्येच वळिवड्याचा कॅम्प मोडला. त्या माणसांना घरी जाता आलंच नाही, कारण त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. ती इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पांगली. बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत राहायला आली. आज ज्याला गांधीनगर म्हणतात आणि लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जिथे जातो, ती कापडपेठ त्याच जागेवर उभी आहे. आजी तिथेही भाजी विकत राहिली. नव्या गिऱ्हाइकांना पोलिश येत नव्हतं, एवढाच फरक तिने नोंदवला होता.

आता तात्या.

तात्यांचं शिक्षण झालं बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये. बेळगावचं नाव या गोष्टीत आणखी एका माणसामुळे येतं. अँथनी मस्कारेन्हस. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला आणि कराचीत वाढलेला पत्रकार. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्यात "ऑपरेशन सर्चलाइट" सुरू केलं. विद्यापीठातल्या जगन्नाथ हॉलमध्ये विद्यार्थी मारले, राजारबागची पोलीस लाइन तोफांनी उडवली, आणि मग तो वणवा खेड्यांत शिरला. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पाकिस्तानी पत्रकारांना पूर्व बंगालच्या दौऱ्यावर नेलं. सगळं ठीकठाक आहे, असं त्यांनी लिहावं ही अपेक्षा. बाकीच्यांनी तसं लिहिलं. मस्कारेन्हसने कुमिल्ल्यात अधिकाऱ्यांना माणसं मारण्याबद्दल रोजच्या कामासारखं बोलताना ऐकलं होतं. हे लिहिलं नाही तर आयुष्यात पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही, असं त्याने बायकोला सांगितलं. बहिणीच्या आजारपणाचं निमित्त करून तो लंडनला गेला, "संडे टाइम्स"च्या संपादकांना, हॅरल्ड इव्हान्स यांना भेटला. मग परत कराचीला आला, बायको आणि पाच मुलांना आधी बाहेर काढलं आणि स्वतः पेशावरकडून चालत अफगाणिस्तानात उतरला. 13 जून 1971 रोजी त्याचा लेख छापून आला. तो वाचून आपण हादरलो, युरोपातल्या राजधान्यांकडे धाव घेण्याचं ठरवलं ते त्यानंतर, असं इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्सना सांगितलं.

तात्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. "बेळगावचा? आपल्या बेळगावचा?" त्यांनी दोनदा विचारलं.

ढाक्यातल्या अमेरिकेच्या वकिलातीतून आर्चर ब्लड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 6 एप्रिललाच वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली होती. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान हवे होते, कारण चीनशी बोलणी त्यांच्यामार्फत चालली होती. ब्लडची बदली झाली. वंशसंहारविरोधी करार तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि पाकिस्तानची त्यावर सही होती. कोणीही तो उघडला नाही.

पूर्व बंगालातली माणसं मात्र भारताकडे चालत राहिली. जवळपास एक कोटी. सरहद्दीवर कोणी त्यांना अडवलं नाही, आणि माझ्या दृष्टीने 1971 मधली भारताची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. युद्धापेक्षाही मोठी. त्रिपुराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती, तिथे जवळपास तेवढेच शरणार्थी आले. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये माणसं सिमेंटच्या पाइपांत राहिली. बनगावला पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या आणि जमिनीवर उलट्याजुलाबांत पडलेल्या रोग्यांमधून वाट काढत डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले आणि पाजण्याचं काम नातेवाइकांवरच सोपवलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्या खाली आलं. आज आपल्या घराघरांत जुलाबावर जे पाणी पाजतात, त्याची खरी परीक्षा त्या निर्वासितांच्या छावणीत झाली.

त्या खर्चाचा भार आमच्या आजोळापर्यंत पोचला होता. माळ्यावर तारेला टोचून ठेवलेली जुनी पत्रं आहेत. 15 नोव्हेंबर 1971 नंतरच्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट दिसतं. आधी साध्या तिकिटावर शिक्का मारलेलं, नंतर खास शरणार्थींसाठी छापलेलं. 1973 च्या मार्चअखेरपर्यंत ते सक्तीचं होतं. आजीला ही पाच पैशांची गोष्ट फार आवडायची. "भावाला कागुद धाडायचा तरी त्यांच्यासाटनं पाच पैसं. असूं दे."

तात्यांची पलटण म्हणजे पहिली मराठा, "जंगी पलटण". मेघालयाच्या बाजूने फौज दक्षिणेला उतरली, कमालपूरची चौकी दिवसचे दिवस झुंजून पडली, मग जमालपूर. तिथे पाकिस्तानची 31 बलुच बटालियन लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांच्या हाताखाली ठाण मांडून होती. पहिल्या मराठाचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. गावकऱ्यांच्या मदतीने नदी ओलांडून पलटण जमालपूरच्या मागे, ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र मुक्तिवाहिनी या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेतल्या एका माणसाच्या हाती धाडलं. उत्तर आलं, त्या चिठ्ठीत चिनी बनावटीची बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. 10 डिसेंबरच्या रात्री बलुच बटालियन ढाक्याकडे फुटून निघण्यासाठी तात्यांच्या मोर्च्यांवर चालून आली. पहाटेपर्यंत त्यांची दोनशेहून जास्त माणसं पडली. 11 तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले, आणि 16 डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.

लढाईचं तात्या रंगवून सांगतात. पण लढाईनंतरचं सांगताना त्यांची वाक्यं तुटतात. "गावं मोकळी हुती. चुलीत राख जुनी. कुत्री तेवडी ऱ्हायलेली." एका शाळेत पाकिस्तानी तळ होता. तिथल्या एका खोलीतून चार बाया बाहेर आल्या. तात्यांच्या सुभेदारांनी सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं आणि जवानांनी आपल्या घोंगड्या मागे टाकल्या. एवढं सांगून ते गप्प होतात. बाकी मी विचारलेलं नाही.

दिवाळीत हे दोघे एकत्र आले की एक वाद ठरलेला असायचा. आजी विचारायची, "मार्चात कापाकापी सुरू झाली. तुमी डिसेंबरात पोचला. मधी काय करत हुता?" तात्या पावसाळ्याचं सांगायचे, नद्या फुगतात, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीन येत नाही, लष्करप्रमुख माणेकशॉंनी सरकारकडून वेळ मागून घेतला. सगळं खरं. आजी ऐकून घ्यायची आणि पुढचा प्रश्न विचारायची, "पर जी येत हुती त्यास्नी आत घेतलं न्हवं?" "घेतलं की." "मग तेवडं बरं केलंसा."

आजीचा हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. सैन्य उशिराच पोचतं. दार ताबडतोब उघडता येतं.

आणि सैन्य पोचतं तेव्हा ते एकाच कारणासाठी पोचत नाही. पाकिस्तान दुभंगावं असं दिल्लीत अनेकांना वाटत होतं, निर्वासितांचा बोजा असह्य झाला होता, मुक्तिवाहिनीला महिनोन्‌महिने शस्त्रं मिळत होती. संयुक्त राष्ट्रांत आपले प्रतिनिधी समर सेन यांनी पूर्व बंगालच्या लोकांची सुटका हाच हेतू असल्याचं सांगितलं. जगाने ऐकलं नाही. 7 डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आला, त्याच्या बाजूने 104 देश, विरोधात 11, तटस्थ 10. त्या 11 मध्ये भारत, भूतान आणि सोव्हिएत गटातले देश. पोलंडही. वळिवड्याची आठवण ठेवून त्यांनी मत दिलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते मॉस्कोच्या सांगण्यावरून होतं. 104 देशांना सरहद्द ओलांडणं दिसलं. सरहद्दीच्या आतलं साडेआठ महिने कोणाला दिसत नव्हतं.

भारताच्या बाजूची एक गोष्ट मात्र कोणाला नाकारता येणार नाही. 1972 च्या मार्चच्या मध्यापर्यंत फौज परत आली. तात्याही आले. तिथे बसून राहिली असती तर त्या मोहिमेला आज वेगळं नाव पडलं असतं. आणि जे वाईट घडलं तेही लिहायला हवं. उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांच्या कत्तली बंगाली टोळ्यांनी केल्या, युद्धाआधी आणि नंतरही. तात्यांनी अशा एका जळलेल्या मोहल्ल्याचं टोक पाहिलं होतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मी घाईने ओलांडतो, कारण ती वाचकांना ठाऊक आहेत आणि लिहिताना हात जड होतो. 1994, रवांडा. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख. तिथल्या शांतिसेनेचा प्रमुख रोमिओ दालेर आणखी माणसं मागत होता, आणि सुरक्षा परिषदेने 21 एप्रिलला उलट त्याची फौज 270 वर आणण्याचा ठराव केला. 1995, स्रेब्रेनिका. संयुक्त राष्ट्रांनीच "सुरक्षित क्षेत्र" म्हणून जाहीर केलेल्या गावातून आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे नेऊन मारले, डच शांतिसैनिक तिथे असताना. 2001 मध्ये गॅरेथ इव्हान्स आणि मोहम्मद सहनून यांच्या आयोगाने प्रश्नाची मांडणीच फिरवली. बाहेरच्यांना घुसण्याचा हक्क आहे का हे बाजूला ठेवून, मरणाऱ्यांना वाचवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी विचारा. आयोगात आपले रमेश ठाकूरही होते. सप्टेंबर 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या शिखर परिषदेत सगळ्या देशांनी ते मान्य केलं. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे, यांपासून लोकांना राखणं हे प्रत्येक राज्याचं पहिलं काम. राज्य उघडपणे कमी पडलं तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाचं काम. लेमकिनच्या प्राध्यापकांना हे उत्तर मिळायला ऐंशीच्या वर वर्षं गेली.

नकाराधिकार मात्र पाच बड्यांनी हातचा सोडला नाही. आणि 2011 मध्ये लिबियात या तत्त्वाची अब्रू गेली. बेनगाझीतल्या नागरिकांना वाचवा म्हणून 17 मार्चला ठराव झाला. भारत तेव्हा परिषदेत होता आणि तटस्थ राहिला. बेनगाझी वाचलं, पण बॉम्बफेक गद्दाफीची राजवट उलथेपर्यंत चालू राहिली आणि मागे राहिला मोडून पडलेला देश. त्यानंतर सीरियासाठी कोणी काही मागितलं की रशिया आणि चीन लिबियाकडे बोट दाखवत. पण सीरियातल्या माणसांनी बेनगाझीचा गुन्हा केला नव्हता.

2005 च्या शिखर परिषदेने ही जबाबदारी ज्या दोन परिच्छेदांत मांडली, त्यांत राजनैतिक मार्ग आहेत, मदत आहे, शेवटी बळाचा वापर आहे. पळून येणाऱ्याला आत घेण्याचा शब्द त्यांत नाही. माझ्या मते हा त्यातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. विमानं पाठवायची की नाही यावर परिषदांमागून परिषदा होतात, आणि जे काम कुठल्याही देशाला ठराव न मागता आज करता येतं, ते कागदावरही येत नाही. केनियात 2008 च्या सुरुवातीला निवडणुकीनंतरच्या कत्तली पेटल्या तेव्हा कोफी अन्नान आठवडेच्या आठवडे नैरोबीत बसून राहिले, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना खोलीतून उठू दिलं नाही आणि 28 फेब्रुवारीला समझोता झाला. एकही गोळी न झाडता. तेही फारसं कोणाला आठवत नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांची गावं जाळली. काही महिन्यांत सात लाखांवर माणसं नाफ नदी ओलांडून कॉक्स बाजारला पोचली. बांगलादेशाने त्यांना आत घेतलं. शरणार्थींच्या 1951 च्या करारावर त्या देशाची सही नाही. आपलीही नाही. त्या वर्षी आजी नव्हती. मी तात्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. बांगलादेशाचं ऐकून त्यांनी मान डोलावली. "त्यांच्या ध्यानात असंल." मग त्यांनी विचारलं, आपण काय केलं? आपल्या सरकारने रोहिंग्यांना परत पाठवण्याची भूमिका घेतली होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2018 मध्ये, सात जणांना मणिपूरच्या सरहद्दीवरून म्यानमारच्या ताब्यात दिलं गेलं. ते सांगितलं तेव्हा तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "आमी एक कोट घेतलं हुतं रं." या माणसाने त्या कोटभर लोकांसाठी रात्रभर खंदकात गोळीबार झेलला होता. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क होता, आणि माझ्याकडे लाज वाटण्यापलीकडे उत्तर नव्हतं.

2018 मध्ये कॉक्स बाजारच्या छावणीत गॅम्बियाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू गेले. त्याआधी अनेक वर्षं ते रवांडाच्या लवादात फिर्यादी पक्षाकडून काम करत होते, वाचलेल्यांच्या शेकडो जबान्या त्यांनी ऐकल्या होत्या. छावणीत बाया सांगत होत्या ते त्यांनी ओळखलं. आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, जेमतेम पंचवीस लाख वस्तीचा हा देश लेमकिनचा तो 1948 चा करार हातात घेऊन 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध उभा राहिला. गॅम्बियाची सरहद्द म्यानमारला कुठेच लागत नाही, त्याचा एकही नागरिक तिथे मेला नव्हता. करारावर सही आहे एवढंच नातं. 23 जानेवारी 2020 रोजी न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला, आणि त्या एकमतात म्यानमारनेच नेमलेल्या न्यायाधीशाचं मतही होतं.

"केवडा देश म्हनलास?" तात्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वस्तीने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून लहान.

"आन सैन्य किती धाडलं?"

सैन्य नाही, खटला केला, असं मी म्हणालो आणि आदेशातली कलमं सोप्या मराठीत वाचून दाखवली. संहाराची कृत्यं रोखा. लष्करावर लगाम ठेवा. पुरावे नष्ट होऊ देऊ नका. ठरल्या मुदतीत न्यायालयाला अहवाल द्या. त्या आदेशाने रोहिंग्यांची गावं परत उभी राहिलेली नाहीत आणि पुढच्याच वर्षी म्यानमारमध्ये लष्कराने अख्खी सत्ताच घेतली, हे त्यांना सांगणं भाग होतं. ते मी नंतर सांगितलं.

पण तिसऱ्या कलमाशी तात्या अडले. पुरावे म्हणजे काय काय, असं त्यांनी खोदून विचारलं. माणसांनी पाहिलेलंही चालतं का? चालतं, मी म्हणालो, जबानी म्हणून चालतं. मग जमालपूरला आम्ही पाहिलं ते कोणी लिहून का घेतलं नाही, असं त्यांनी विचारलं. पलटणीच्या इतिहासात लढाई आहे, पदकं आहेत. शाळेतली ती खोली नाही. त्या दिवसापासून ते सांगतात आणि मी वहीत लिहितो. जे पाहिलं ते वेगळं आणि ऐकलं ते वेगळं लिहायचं, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. गावाचं नाव आठवत नसलं तर तिथे जागा कोरी सोडायची.